बिलाचं दुसरं पान

नांदेड, ६ जुलै २००३

प्रिय माधव,

सलाम, आणि चंद्रप्रभावहिनींना नमस्कार. पोस्टमास्तर म्हणून रिटायर झालास तरी पोस्टकार्डात जागा वाचवून लिहायची तुझी सवय गेली नाही. चार ओळींत माझा गुडघा, हसीनाची शुगर आणि दुकानाची हालचाल, सगळं विचारून मोकळा!

बुशराला तुमच्या लातूरला सोडून आलो त्याला तीन आठवडे झाले. बारावीचं कॉलेज नावाला, खरा अभ्यास त्या क्लासमध्ये. आमच्या खानदानात गाव सोडून शिकायला गेलेली ही पहिली मुलगी, त्यात आमची उशिरा झालेली आणि एकुलती एक. भाईजाननी मला समोर बसवून सांगितलंय, "फारूक, एक वर्ष देतो. काही वेडंवाकडं कानावर आलं तर त्याच दिवशी घरी आणायची. परभणीचं स्थळ मी थांबवून ठेवलंय." मी मान डोलावली. मला तिला डॉक्टर झालेली बघायचं आहे, पण मोठ्या भावापुढे एवढं लांब वाक्य माझ्या तोंडून निघत नाही.

हॉस्टेलात नव्वद मुलींना एकच नाण्याचा फोन. हसीनाची झोप उडाली आहे. भूकंपात तिच्या औशाच्या बहिणीची खबर तीन दिवस लागली नव्हती, ते ती अजून विसरलेली नाही. तेव्हा मोबाईल घ्यायचं ठरलंय. आता दोन रस्ते आहेत. एक म्हणजे कार्डाचा फोन; कार्ड टाका, बोला, संपलं की संपलं, कुणाला कसला हिशेब नाही. दुसरा कराराचा. तीन वर्षं बांधून घ्यायचं, हँडसेट कंपनी देते, आणि दर महिन्याला बिल येतं. त्या बिलात कुठल्या नंबरवर, कुठल्या तारखेला, किती वाजता, किती मिनिटं बोलणं झालं ते सगळं छापून येतं.

हसीना म्हणते कार्ड. मी म्हणतो करार. भाईजाननी विचारलं तर माझ्या हातात कागद असेल.

अडचण अशी की घड्याळं दुरुस्त करणाऱ्याला कंपनी दारात उभं करत नाही. पगाराचा नाहीतर पेन्शनचा कागद मागतात. तुझ्या नावावर घेशील का? बिल तुझ्या पत्त्यावर येईल, तू मला पाठवायचं. पैशाची फिकीर नको, ते मी भरीन.

तुझा,
फारूक


लातूर, ११ जुलै २००३

प्रिय फारूक,

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि एकदा हिला वाचून दाखवलं. हिचं मत हसीनावहिनींच्या बाजूनं पडलं. माझंही तेच आहे.

कार्ड घे. करार तीन वर्षांचा आणि मुलगी इथे राहणार एक वर्ष. पुढची दोन वर्षं तो फोन काय तू दुकानात घड्याळांच्या रांगेत टांगणार आहेस? पण मला माहीत आहे, तुला हँडसेटही नको आहे आणि करारही नको आहे. तुला ती यादी हवी आहे. वजिराबादच्या शाळेपासून मी तुला ओळखतो, माझ्यापासून काय लपवतोस?

तू जाणतोस, मी एकतीस वर्षं टपालात काढली. भूकंपाच्या वेळी किल्लारीकडे होतो. पुढे कितीतरी महिने त्या गावांच्या नावानं पत्रं येत राहिली, कुणाची मनीऑर्डर, कुणाची लग्नपत्रिका, आणि घ्यायला घरात कुणी उरलेलं नव्हतं. मी पाकिटावर 'मयत' लिहायचो आणि पाठवणाऱ्याकडे परत करायचो. आत काय असेल हे बघायची इच्छा मला झाली नाही असं नाही. पण एकही उघडलं नाही. माणूस मेला तरी पाकीट त्याचंच असतं. तुझी मुलगी तर चांगली जिवंत आहे, हसते, आमच्याकडे आली तर दोन वाट्या साबुदाण्याची खिचडी खाते.

एवढं सांगून झालं. आता सही करतो, कारण तू मागितलंस आणि मी नाही म्हणालो असं आजवर झालेलं नाही. अट एकच. बिलाचं पाकीट माझ्या नावाचं असलं तरी ते मी उघडणार नाही. जसं येईल तसं तुला रवाना होईल.

माधव


नांदेड, १९ जुलै २००३

प्रिय माधव,

तू सही केलीस, दोस्ती निभावलीस. एजंट स्वतः हॉस्टेलवर जाऊन फोन देऊन आला. बुशराला मी बूथवरून तीन गोष्टी बजावल्या. फोन दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायचा नाही. अनोळखी नंबरवर बोलायचं नाही. यातलं एक जरी मोडलं तरी सामान बांधायचं. कसम घ्यायला लावली. ती घेतली तिने, पण जरा थांबून घेतली. हसीना बाजूला उभी होती. म्हणाली, "मुलगी पाठवलीत, सोबत थोडा भरवसापण पाठवायचा होता."

बायकांना बोलायला काय जातं!

फारूक


लातूर, २४ ऑगस्ट २००३

प्रिय फारूक,

सोबत पहिलं बिल. पाकीट बंद आहे, चिकटवणी तपासून बघ. बुशरा गेल्या रविवारी आली होती. वाळली आहे थोडी, पण इथली सगळीच मुलं वाळतात. आमच्या औसा रोडवर पहाटे साडेपाचला पाठीवर दप्तरं घेतलेली मुलं अशी लगबगीनं निघालेली असतात की वाटावं, शहरात काहीतरी फुकट वाटतायत.

माधव


नांदेड, २९ ऑगस्ट २००३

माधव,

बिल उघडलं. आपल्या घरचे नंबर आहेत, तुझा आहे. आणि एक नंबर बावीस वेळा आहे. बावीस! रविवार सोडून रोज. दुपारी अडीच ते पावणेतीनच्या मधे, एक मिनिट, फार तर दोन. रोज त्याच वेळी कोण कुणाशी बोलतं ते मला तू सांगू नकोस, मीही एकेकाळी तरुण होतो.

बूथवाल्यानं आकडे बघून सांगितलं की नंबर किल्लारीकडचा आहे. माझ्या मुलीचं किल्लारीला कोण आहे? तिथेच उभा राहून मी तो नंबर लावला. एका बाप्यानं उचलला. मागे दहा-पंधरा जणांचा गलका, कपबश्यांचा आवाज. मी विचारलं, कोण बोलतंय? तर तो म्हणतो, "तुमाला कोन पायजे ते सांगा की. लातूरची पोरगी रोज करती, आज मानूस कसा काय?" आणि मागे कुणीतरी हसलं.

माधव, ते हसणं पुढे ऐकवेना. फोन ठेवला आणि बूथच्या बाकड्यावर बसून राहिलो. माझ्या मुलीचं नाव एका हॉटेलात पुरुषांच्या तोंडी आहे. भाईजानना अजून सांगितलेलं नाही. त्यांना कळलं तर आजच गाडी करतील.

तू किल्लारीकडे नोकरी केली आहेस. माणसं ओळखतोस. जा, विचार, शोध लाव. हॉस्टेलवर जाऊन तिलाही विचार. मी विचारलं तर माझा हात उठेल, आणि तो मला उठू द्यायचा नाही. तू पंधरा दिवसांत मला कळवलं नाहीस तर मी येऊन तिला घेऊन जातो. मग सीईटी राहिली काय आणि गेली काय.

फारूक


लातूर (हॉस्टेल), ३ सप्टेंबर २००३

आदरणीय माधवकाका,

काल तुम्ही विचारलंत तेव्हा रेक्टर मॅडम दारात उभ्या होत्या म्हणून मी गप्प बसले. ही चिठ्ठी काकूंच्या हाती देते आहे.

ते फोन मी करत नाही. माझ्या खोलीत शिवगंगा राहते, किल्लारीची. भूकंप झाला तेव्हा ती सात वर्षांची होती. आई आणि आजी तिच्या शेजारीच झोपल्या होत्या. तिला तिच्या मामांनी, नरसिंगमामांनी, हाताने दगड उपसून बाहेर काढलं. त्यांनीच वाढवलं. मामा किल्लारी-लातूर जीप चालवतात. ती क्लासमध्ये पहिल्या पाचात आहे. पण डोक्यावर स्लॅब आणि मामा रस्त्यावर, असं असलं की दुपारनंतर तिच्या हातापायाला कापरं सुटतं. घाम येतो, ती उठून बाहेर पळते. जूनमध्ये तिने अशा सहा परीक्षा अर्धवट सोडल्या.

मामांची दुपारची खेप अडीचला किल्लारीच्या थांब्यावर लागते. तिथे मलप्पांचं चहाचं हॉटेल आहे, त्यात फोन आहे. आमची जेवणाची सुट्टी तेव्हाच असते. ती माझ्या फोनवरून विचारते, "पोचलास का?" ते म्हणतात, "पोचलो." बस, एवढंच. मग ती संध्याकाळपर्यंत माझ्यापेक्षा शांत बसते.

मी कसम मोडली, हे खरं आहे. पण काका, ती समोर थरथरत होती आणि फोन माझ्या हातात होता. मी काय करायला हवं होतं?

अब्बांना सांगू नका. त्यांची अट मोडली म्हटल्यावर ते कारण ऐकायला थांबणार नाहीत. आणि त्यांच्या पोटात काही राहत नाही; आज त्यांना कळलं की उद्या सगळ्या इतवारा मोहल्ल्याला कळेल. इथे रेक्टरना कळलं की शिवगंगाला असा त्रास होतो, तर तिला घरी पाठवतील, मागच्या वर्षी एका मुलीला पाठवलं होतं. शिवगंगाने माझ्याकडून वचन घेतलं आहे. माझी एक कसम मोडून झाली आहे, दुसरी मोडायला लावू नका.

तुमची,
बुशरा


लातूर, ५ सप्टेंबर २००३

प्रिय फारूक,

चौकशी केली. काळजी करण्यासारखं काहीही नाही. मुलीचं वागणं स्वच्छ आहे, हे मी माझ्या जबाबदारीवर लिहितो. यापेक्षा जास्त मला विचारू नकोस आणि किल्लारीला पुन्हा फोन लावू नकोस. भाईजानना सांगण्याजोगं यात काही नाही.

चाचणीत तिला भौतिकशास्त्रात नव्वद मिळाले आहेत. ते त्यांना सांग.

माधव


नांदेड, १ ऑक्टोबर २००३

माधवराव,

दुसरं बिल मिळालं. पाकिटाची चिकटवणी अगदी सरकारी झाली आहे, शाबास.

मी आयुष्यभर घड्याळं उघडत आलो. एखादं दातेरी चाक काढून घेतलेलं असलं तर मला डोळे मिटूनही कळतं. बिलाच्या प्रत्येक पानावर खाली छापलेलं असतं. पहिल्या पानावर आहे 'तीन पैकी एक'. त्याच्या मागच्या पानावर आहे 'तीन पैकी तीन'. दुसरं पान कुठे आहे?

तूच लिहिलं होतंस ना, मेलेल्या माणसाचं पाकीटही मी उघडलं नाही म्हणून? मग जिवंत दोस्ताचं कसं उघडलंस?

काहीच नसतं तर तू पान काढलं नसतंस. म्हणजे तुला माहीत आहे, माझ्या बायकोला माहीत असेल, वहिनींना तर नक्कीच माहीत असेल. एकटा बापच तेवढा येडा! मी पाच तारखेला येतो आहे. तुझ्या घरी येणार नाही. हॉस्टेलवरून मुलीला घेईन आणि परत निघेन.

फारूक


लातूर, ७ ऑक्टोबर २००३

(हे पत्र पाकिटावर 'घेण्यास नाकारले' असा शेरा पडून आठवड्यानं माधवरावांकडे न उघडता परत आलं.)

प्रिय फारूक,

परवा तू बुशराला घेऊन गेलास. मी स्टँडवर आलो होतो. तू मला पाहिलंस आणि तोंड फिरवून गाडीत चढलास. बुशरा खिडकीशी होती. तिच्या मांडीवर पुस्तकांची पिशवी होती. तिने हात केला नाही, मीही केला नाही.

पान मी काढलं. दुधाच्या पातेल्याच्या वाफेवर पाकीट धरलं आणि उघडलं. ही स्वयंपाकघरात उभी राहून बघत होती. एकतीस वर्षांत जे केलं नाही ते एका दुपारी केलं, आणि हात कापला नाही याचंच मला वाईट वाटलं.

आता वचन मोडून लिहितो, कारण वचन पाळून जे वाचवायचं होतं ते तू घेऊन गेलास. ते फोन बुशराचे नाहीत. तिच्या खोलीतल्या शिवगंगाचे आहेत, आणि ते तिच्या मामांना आहेत. भूकंपातून त्या माणसानं तिला उपसून काढलं. तो रस्त्यावरून सुखरूप पोचला एवढं ऐकल्याशिवाय ती पोर छताखाली बसू शकत नाही. तुझ्या मुलीनं तिला रोज एक मिनिट फोन दिला. गुन्हा म्हणशील तर एवढाच आहे.

माझी चूक वेगळी आहे. तू हे समजून घेशील असा विश्वास मी तुझ्यावर ठेवायला हवा होता. नाही ठेवला.

मुलीला परत पाठव. दिवस जात आहेत.

माधव


नांदेड, ११ ऑक्टोबर २००३

माधवकाका,

तुमचं पत्र आलं तेव्हा मी दुकानात अब्बांचा डबा घेऊन गेले होते. त्यांनी पोस्टमनसमोरच 'नको' म्हटलं. मी म्हणाले, निदान वाचून नको म्हणा. ते म्हणाले, "याआधी वाचलं तेवढं पुरे झालं."

मोठे अब्बा काल परभणीला जाऊन आले. जानेवारीची तारीख बोलत आहेत. अम्मी जेवत नाही.

मी अब्बांना खरं सांगून पाहिलं. अर्ध्यावरच त्यांनी हात वर केला. म्हणाले, गोष्टी रचायला शिकलीस लातूरला. काका, मी खोटं बोलले असते तर यापेक्षा बरं बोलले असते. कार्डाचा फोन असता तर त्यांना काही कळलंच नसतं; मी परीक्षा दिली असती आणि ते सगळ्यांना पेढे वाटत फिरले असते.

फोन त्यांच्या ड्रॉवरमध्ये आहे. रोज चार्ज करतात. तो माणूस कधीतरी फोन करेल म्हणून वाट बघत बसले आहेत.

शिवगंगाकडे एकदा जाऊन याल का?

बुशरा


नांदेड, १६ ऑक्टोबर २००३

माधव,

हे पत्र तू परत पाठवलंस तरी मला बोलायला जागा नाही. पण वाच.

मंगळवारी दुपारी ड्रॉवरमध्ये फोन वाजला. समोर गिऱ्हाईक बसलेलं. मी त्याचं घड्याळ उघडंच टाकून आत गेलो. दहा दिवस याच घडीची वाट बघत होतो. काय काय बोलायचं ते मनात घोकून ठेवलं होतं, अशा शिव्या की तुझ्या पत्रात लिहिता येणार नाहीत. फोन कानाला लावला आणि गप्प राहिलो, त्याला आधी बोलू दिलं.

तो म्हणाला, "बुशराताई, म्या नरसिंग बोलायलोय, शिवीचा मामा. ताई, शिवी घरी येऊन बसली हाय बगा. चार दिस झाले. हॉस्टेलचा फोन लागत न्हाई, मी पोचल्यालं तिला कळत न्हाई, मंग ती वर्गातनं पळती. म्याडमनी तिला पाठीवलं माघारी. पुस्तक सुदिक उघडंना. तुमी कवा येनार हाव लातूरला? तुमी हुता तवर लई बरं चाललं हुतं. ताई? ऐकायलाव का?"

मी ऐकत होतो. मागे तोच गलका, त्याच कपबश्या.

शेवटी मी म्हणालो, "मी तिचा बाप बोलतोय." तो एकदम घाबरला. म्हणाला, "माफ करा साहेब. आमच्या पोरीपायी तुमच्या पोरीला तरास झाला आसंल तर माझ्या जिपीखाली घाला मला. लेकराचं काई न्हाई त्यात."

एका अनोळखी ड्रायव्हरनं माझ्या मुलीची बाजू माझ्यापुढे मांडली. तू मांडत होतास तर तुझं पत्र परत केलं, ती स्वतः मांडत होती तर तिला खोटी ठरवलं. आणि ज्याला शिव्या द्यायला मी फोन चार्ज करून ठेवत होतो त्याच्याकडून मला ऐकावं लागलं.

घरी जाऊन हसीनाला सांगितलं. ती म्हणाली, "मला काय सांगता? तिला सांगा." बुशरा स्वयंपाकघरात भाजी चिरत होती. मी दारात उभा राहिलो. तिने वर पाहिलं आणि म्हणाली, "शिवगंगा कशी आहे?" आवाजात राग नव्हता, काहीच नव्हतं. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

भाईजानकडे मी स्वतः गेलो. परभणीला नाही कळवा म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यापुढे लांब वाक्य बोललो. त्यांनी मला घराबाहेर काढलं, ते जाऊ दे.

तू मला सांगितलं असतंस तर मी समजून घेतलं नसतं, असं तू धरून चाललास, याचा मला राग आहे. आणि खरं सांगू? कदाचित नसतंच घेतलं. याचा जास्त आहे.

शनिवारी बुशराला घेऊन येतो. आधी तुझ्या घरी. मग तू आणि मी नरसिंगच्या जीपमधून किल्लारीला जायचं आणि त्या मुलीला आणायचं. रेक्टरपुढे तू बोलायचंस. तुझ्या पेन्शनच्या कागदाला लोक मान देतात.

फारूक


लातूर, २८ ऑक्टोबर २००३

प्रिय फारूक,

शिवगंगा हॉस्टेलात रुळते आहे. रेक्टरबाईंनी दिवाळीपर्यंत बघू म्हटलं होतं. दिवाळी झाली, त्यांनी पुन्हा विषय काढला नाही. बुशराचे तेरा दिवस बुडाले. रसायनचा एक अख्खा धडा आणि दोन सराव परीक्षा. शिक्षक म्हणतात भरून निघेल, पण म्हणताना दुसरीकडे बघतात.

फोनचं काय करायचं? कंपनीत विचारून आलो. करार मोडता येत नाही. तुझ्या समोर बुशरानं नाही म्हटलं, त्यानंतर मी पुन्हा विचारलं, कार्डाचा घेऊन देऊ का? ती म्हणाली, "काका, मला कार्डही नको आणि करारही नको. ज्यांना बोलायचंय त्यांनी हॉस्टेलच्या फोनवर बोलावं." शिवगंगाही त्याला हात लावत नाही. म्हणते, ताईचे तेरा दिवस ज्याच्यापायी गेले तो मी घेणार न्हाई.

उपवास सुरू झाले असतील. तब्येतीला जप.

माधव


नांदेड, ५ डिसेंबर २००३

प्रिय माधव,

ईद झाली. शीरखुर्मा तुझ्या वाट्याचा मीच खाल्ला.

तू परत धाडलेला फोन माझ्याकडे आहे आणि रोज कामाला आहे. नरसिंग अडीचला थांब्यावर पोचतो आणि मला एक नाणं टाकून सांगतो, "चाचा, पोचलो." त्याची जीप पाच मिनिटांत भरते, हॉस्टेलचा नंबर लागेपर्यंत थांबायला त्याला वेळ नाही. मला आहे. मी कानाला भिंग लावलेलं तसंच ठेवून नंबर फिरवत राहतो. दहा वेळा लागत नाही, अकराव्याला लागतो. जी मुलगी उचलेल तिला म्हणतो, शिवगंगाला सांगा, मामा पोचले. रोजे होते तेव्हाही सुटलं नाही. कानाला भिंग लिहिलंय का मी? डोळ्याला. बघ, लिहितानाही तिकडेच लक्ष आहे.

बुशरा मात्र फोनवर येत नव्हती. रविवारी हसीनाशी बोलते, दहा मिनिटं. अब्बांना सलाम सांग म्हणते आणि ठेवते. पत्र लिहिलं तर परीक्षेचे मार्क कळवते, खाली सही. सत्तेचाळीस दिवस झाले. हसीना म्हणते, मोजू नका. तिला काय, तिच्याशी बोलतात.

काल दुपारी नंबर तिसऱ्यांदाच लागला. पलीकडून आवाज आला, "हॉस्टेल. बोला." बुशरा होती. रोज पाठ झालेलं एक वाक्य, तेही निघेना. ती म्हणाली, "मामा पोचले का?"

मी म्हणालो, "हो."

ती म्हणाली, "शिवगंगाला ताप आहे, झोपली आहे. उठली की सांगते." मग थांबली. मला वाटलं आता ठेवणार. मागे मुलींचा गोंधळ चालू होता. मी म्हणालो, "बेटा, माझी चूक झाली. मी तुझं ऐकून घ्यायला पाहिजे होतं." दुकानात दोन गिऱ्हाइकं उभी होती माधव, त्यांच्यासमोर म्हणालो.

पलीकडे कुणीतरी तिला घाई करत होतं. मग म्हणाली, "अब्बा, मागे लाइन लागलीय. ठेवते." आणि ठेवायच्या आधी, अगदी हळू, "उद्या मीच उचलीन."

आज अडीचला फोन घेऊन बसलो आहे. नरसिंगचा अजून आला नाही. पावणेतीन होऊन गेले. रस्त्याला काही नसेल ना, त्याला एवढा उशीर कधी होत नाही. तुला सांगतो, ती पोर रोज काय सोसत असेल ते मला आत्ता कळतंय.

आला. पोचला. बाकी नंतर लिहितो, आधी मुलीला फोन करतो.

फारूक